सोलांतला रंग आणि सोलांतली आंबटाई

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. इथल्या कालवणात सोलां हवीतच; रातांब्याची झाडे मात्र आतल्या डोंगरउतारांवरची.

या फळाची लेखी नोंद जुनी आहे. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याच्या १५६३ साली छापलेल्या संवादग्रंथात ते ‘ब्रिंदोंइश’ या नावाने येते. गोव्यातल्या ‘भिरंडां’शी या नावाचे नाते उघड दिसते. फळ आतून रक्तासारखे लाल आणि आंबट, रंगारी ते वापरतात, साल शिरक्यासाठी राखतात, एवढे तो सांगतो. (रातांब्याचे शास्त्रीय नाव ‘गार्सिनिया’ या गार्सियावरून पडले, असा समज होणे साहजिक आहे, ते लॉरें गार्सें या दुसऱ्याच वैद्यावरून पडले आहे.)

ऑर्ताला दिसलेले हे दोन गुण प्रक्रियेत अगदी वेगळे वागतात. सोलां करताना फळ कापून बिया काढतात, साली उन्हात घालतात. बियांभोवतीच्या गरात मीठ घालून सुटलेल्या रसात त्या पुन्हापुन्हा बुडवायच्या आणि वाळवायच्या. लाल रंग अँथोसायनिनांचा. आम्लात तो खुलतो, पण ऊन, उष्णता आणि हवा त्याला सोसत नाहीत. म्हणून सोलां काळपट होतात. आम्ल मात्र टिकते. पाणी उडाल्यावर उलट दाट होते. न उकळता, नुसत्या मिठावर केलेल्या आगळात रंग अधिक राहतो. तिसरा घटक गार्सिनॉल. तो पिवळा, पाण्यात न विरघळणारा, स्निग्धात विरघळणारा. सोलां पाण्यात कोळून चोथा फेकला, की त्याचा मोठा वाटा चोथ्याबरोबरच जाणार. नारळाच्या वाटणात सोल तशीच टाकणाऱ्या घरात निदान तो टोपात तरी राहतो.

१९६५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी रातांब्याच्या मलबारी भावंडातले, कुडमपुळीतले, मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचे दाखवले. हेच आम्ल रातांब्यातही आहे. ते शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका विकराला अडवते, हे पुढे प्रयोगशाळेत दिसले आणि अमेरिकेत वजन घटवणाऱ्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. १९९८ साली न्यूयॉर्कमधल्या १३५ जणांवरच्या, बारा आठवड्यांच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ही गोळी आणि खोटी गोळी यांत वजनाच्या बाबतीत लक्षणीय फरक नाही. सालीतून एकच द्रव्य उपसून त्याच्यावर एवढा भार टाकणे मला तेव्हाही अडाणीपणाचे वाटले होते. आपल्याकडच्या बाटल्यांवरचे दावे त्याच जातीचे आहेत.

रातांबे पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, आणि उशिराची फळे तयार होतात तोवर मृग येऊन ठेपतो. ऊन गेले की सालींना बुरशी धरते. मग उरलेली फळे मीठ घालून आगळाच्या बरणीत जातात, नाहीतर झाडाखाली कुजतात.