लोखंडाचा थकवा



निबंधात "यंत्र कधी थकत नाही" असं वाक्य आलं की मी खुशाल बरोबरची खूण करायचो. तीसेक वर्षं केली. परवा भाचा आला होता, कारखान्यात असतो. म्हणाला, "मामा, पोरांना चुकीचं शिकवलंत. लोखंडही थकतं. त्यापायी माणसं गेली आहेत." मी पडलो मराठीचा बी.ए.! पण मग वाचत बसलो.

८ मे १८४२, रविवार. व्हर्सायचा उत्सव पाहून लोक आगगाडीनं पॅरिसला परतत होते. म्यूदोंजवळ पुढच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकावर एक चढले, आग लागली. डब्यांना बाहेरून कुलपं! पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यांत दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल, पत्नी आणि मुलासह. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून सुखरूप परतलेला माणूस! तिथल्या भूमीला त्यानं पत्नीचंच नाव दिलं होतं, आदेली.

आस का तुटले? तेव्हा बरेच जण म्हणत, हादऱ्यांनी लोखंडाचा पोतच बदलतो, ते स्फटिकासारखं ठिसूळ होतं. रँकिन नावाच्या विशीतल्या स्कॉटिश इंजिनिअरनं तुटलेले आस नीट पाहिले. आसाचं टोक बेअरिंगमध्ये फिरतं, तिथे ते बारीक केलेलं असतं. जाड-बारीक जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून चीर सुरू होऊन चहूबाजूंनी आत सरकलेली दिसली. मधलं उरलेलं लोखंड एक दिवस एकदम तुटायचं. १८४३ मध्ये त्यानं सुचवलं, तो कोपरा काटकोनी ठेवू नका, गोलसर वळण द्या. इतकं साधं!

आमच्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घातलं की वडील निर्धास्त व्हायचे. वंगणानं झीज थांबते हे खरंच. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉवर यांनी बेअरिंगला भोक पाडलं, तर आतून तेल वर येऊ लागलं. लाकडी बूच मारलं, तेही तेलानं बाहेर ढकललं! म्हणजे फिरता आस तेलाच्या दाबावर तरंगत असतो. पण आसावरचं ओझं त्याला वाकवतं, ते तेल कसं थांबवणार? आसाची जी बाजू वर असताना ताणली जाते तीच अर्ध्या फेरीनं खाली येऊन दाबली जाते. वर ब्रेकचा पीळ, वळणावरचे धक्के. जर्मनीत व्योलर यांनी १८७० पर्यंत वर्षानुवर्षं आस यंत्रावर वाकवत फिरवले. एकदा सहज पेलणारं ओझं लाखो फेऱ्यांनी आस मोडतं, पण ठरावीक मर्यादेखाली ठेवलं तर नाही, असं त्यांना आढळलं.

म्यूदोंनंतर फ्रान्समध्ये डब्यांना कुलपं लावणं बंद झालं.

त्या निबंधाच्या वह्या आता कुठल्या मिळायला! जुने विद्यार्थी इथे वाचत असतील, तर त्यांनी तेवढी एक खूण खोडावी.