घरातला पडदा आणि हॉलिवूडमधले आपण

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी राजुरीच्या घरी सगळी पोरं टीव्हीसमोर बसली होती. 'ट्रू लाइज' चालू होता, 1994चा, अर्नोल्ड श्वार्झनेगरचा. त्यात 'क्रिमसन जिहाद' नावाची टोळी आहे, अणुबॉम्ब आहेत आणि माकडासारखे ओरडत मरणारे अरब आहेत. नववीतल्या भाच्याने शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मामू, पिच्चर में अपने लोग हमेशा ऐसेच कायको रहते?"

अम्मी म्हणाली, टीव्हीच बंद करा. मला ते पटलं नाही. दिवाणखान्यात बंद केलेला टीव्ही पोरांच्या मोबाइलवर चालू होतो आणि तिथे शेजारी बसून बोलणारं कुणी नसतं. आमच्या लहानपणी भाड्याच्या व्हीसीआरवर वर्गणी काढून रात्रभर सिनेमे बघितले जायचे. त्यातला इंग्रजी सिनेमा म्हणजे मारामारी. पुढे 1994 साली हिंदी बोलणारा 'ज्युरासिक पार्क' आला आणि भाषेची अडचणही संपली. कोणता सिनेमा निवडावा, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही.

भाच्याचा प्रश्न जुना आहे. जॅक शाहीन या लेबनानी वंशाच्या अमेरिकी अभ्यासकाने नऊशेहून जास्त सिनेमे तपासून 2001 साली 'रील बॅड अरब्ज' हे पुस्तक लिहिलं. शाहीन ख्रिस्ती होते, हे मुद्दाम सांगतो. डिस्नेच्या 'अलादीन'मधल्या गाण्याची एक ओळ अरबांना रानटी ठरवणारी होती. तक्रारी झाल्यावर 1993 साली घरगुती व्हिडिओसाठी ती बदलावी लागली. म्हणजे घरात बसून बघणाऱ्यांचंही कधीकधी ऐकलं जातं.

मग मी भाच्यासाठी एक यादी केली. दर शनिवारी एक सिनेमा.

पहिला लावला 'द घोस्ट अँड द डार्कनेस' (1996). आमच्याकडे बिबट्याची गोष्ट सांगावी लागत नाही. जुन्नर तालुक्यात उसात बछडी सापडतात, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे आणि रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणारा माणूस काठी-बॅटरीशिवाय निघत नाही. सिनेमा आहे 1898 सालच्या केनियातल्या त्सावोचा. ब्रिटिश रेल्वेचा पूल बांधला जात होता आणि दोन सिंह रात्री तंबूंतून मजूर ओढून नेत होते. हे मजूर आपल्याकडचे. त्या रेल्वेसाठी सुमारे 32 हजार माणसं हिंदुस्थानातून नेली गेली. बहुतेक पंजाबातली, त्यात मुसलमान पुष्कळ. अडीच हजारांच्या आसपास परतलीच नाहीत, कारण सिंहांपेक्षा रोगराईने जास्त मारलं. शिकार करणाऱ्या पॅटरसनने 135 बळींचा आकडा दिला होता. 2009 साली शास्त्रज्ञांनी सिंहांच्या केसांचा आणि हाडांचा अभ्यास करून तो पस्तीसच्या आसपास आणला. सिंह आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये भुसा भरून उभे आहेत. मजुरांची नावं बहुतेकांना ठाऊक नाहीत.

या सिनेमात ओम पुरी आहे. मजुरांचा पुढारी, नाव अब्दुल्ला. तो साहेबाला तोंडावर जाब विचारतो आणि माणसं घेऊन निघूनही जातो. सिनेमा गोऱ्या शिकाऱ्याचा आहे, मायकल डग्लसचं पात्र तर निव्वळ कल्पित आहे. पण भाच्याला मी म्हणालो, तू अब्दुल्लाकडे बघ. तो जिथून सिंहाकडे बघतो तिथे आपला बाप-आजा उभा होता.

दुसऱ्या शनिवारी अम्मीसुद्धा बसली, कारण 'द मेसेज' (1976) होता. मुस्तफा अक्काद हा सीरियात जन्मलेला हॉलिवूडचा दिग्दर्शक. त्याने एकच गोष्ट इंग्रजी आणि अरबी अशा दोन वेगळ्या नटसंचांत चित्रित केली. इंग्रजीत हजरत हमजा झाला अँथनी क्विन. पैगंबर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. समोरची माणसं कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. एवढी काळजी घेऊनही मार्च 1977 मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका सशस्त्र गटाने इमारती ताब्यात घेऊन लोकांना ओलीस धरलं. त्यांच्या मागण्यांत हा सिनेमा बंद करणंही होतं. न बघता भडकण्याची आपली सवयही पोरांना कळायला हवी, म्हणून ही हकिकत मी सांगितली. अम्मीला आवडली नाही. हजरत बिलाल काबागृहावर चढून अजान देतात तेव्हा मात्र तिने पदर डोक्यावर नीट घेतला.

'माल्कम एक्स' (1992) तीन तास वीस मिनिटांचा आहे, दोन रात्रींत बघावा. पैसे संपले तेव्हा दिग्दर्शक स्पाइक लीने ऑप्रा विन्फ्री, मायकल जॉर्डन अशा कृष्णवर्णीय नामवंतांकडे हात पसरले. हजचा भाग खुद्द मक्केत चित्रित झाला. हजनंतर माल्कमने घेतलेल्या नावातही 'मलिक' आहे. इथे मी मलिक अंबरचं नाव काढलं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कारभार बघू लागला आणि त्याच्याच काळात काही वर्षं राजधानी जुन्नरला होती. भाच्याच्या शाळेच्या सहली शिवनेरीला जातात, पण हे त्याला ठाऊक नव्हतं.

सगळंच आपल्याबद्दल असावं, असंही नाही. 'कॉन्टॅक्ट' (1997) ठेवला तो खोडदच्या दुर्बिणीसाठी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आपल्या शेतांच्या आसपास उभ्या आहेत आणि पोरं त्यांना नुसतं 'छत्र्या' म्हणतात. सिनेमातली जोडी फोस्टर अशाच तबकड्यांसमोर कानाला हेडफोन लावून बसते. पोरांनी दुसऱ्याच दिवशी खोडदला जायचा हट्ट धरला.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (1957) मी शेवटी ठेवला होता. एक खोली, बारा ज्युरी, झोपडपट्टीतल्या मुलावर खुनाचा आरोप. अकरा जणांनी हात वर करून त्याला दोषी ठरवलंय आणि एकटा हेन्री फोंडा म्हणतो, थोडं बोलू या. बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' त्यावरूनच. नाव वाचून संशय घेणारी माणसं भाच्याला पुढे भेटणारच आहेत. त्या मुलाचं नाव सिनेमाभर कुणी घेत नाही, हे त्याच्या लक्षात आलं, माझ्या कधी आलं नव्हतं.

आता त्याला 'लायन ऑफ द डेझर्ट' (1981) हवाय. अक्कादचाच, लिबियाच्या उमर मुख्तारचा, जो इटलीने कित्येक वर्षं आपल्या लोकांना दाखवू दिला नाही. जवळपास तीन तासांचा आहे. त्याची सहामाही संपू दे, मग लावू.