हिकमत म्हणजे केवळ युक्ती नव्हे

मराठीत एखाद्याला ‘हिकमती’ म्हटले की डोळ्यांसमोर अडचणीतून वाट काढणारा माणूस येतो. बंद पडलेले यंत्र तारेच्या तुकड्याने चालू करणारा, सरकारी कचेरीत अडलेले काम सोडवून आणणारा. कधी कौतुकाने, तर कधी ‘जरा सांभाळूनच रहा’ अशा सुरातही हा शब्द वापरतात. ‘हिकमत लढवली’ म्हणजे युक्ती केली, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. पण हाच शब्द कुरआनमध्ये वीस वेळा आला आहे, आणि तेथे तो प्रेषितांना मिळालेल्या देणगीचे नाव आहे.

अरबीत ह-क-म या धातूचा अर्थ निवाडा करणे, तसाच आवरणे असाही होतो. घोड्याच्या जबड्याभोवती असलेला, त्याला काबूत ठेवणारा लगामाचा भाग म्हणजे ‘हकमा’. अरबी कोशकार हिकमतीचे नाते या लगामाशीही जोडतात. माणसाला मूर्खपणापासून आणि अन्यायापासून आवरते ती हिकमत. त्याच धातूपासून हुकूम, हुकूमत, हाकीम आणि हकीम हे शब्द आले. आपण सहज ‘हुकमी एक्का’ म्हणतो, तोही याच घरातला.

कुरआनच्या सूरह लुकमानमध्ये (31) लुकमान यांना हिकमत दिल्याचे सांगितले आहे. ही हिकमत त्यांनी मुलाला केलेल्या उपदेशात दिसते. अल्लाहसोबत कोणाला भागीदार करू नको, नमाज कायम ठेव, संकटात धीर धर, लोकांशी तोऱ्याने वागू नको, आवाज खाली ठेव. सूरह बकरामध्ये (2:129) हजरत इब्राहीम आपल्या वंशजांसाठी जो प्रेषित मागतात, त्याने लोकांना ग्रंथ आणि हिकमत शिकवावी अशी त्यांची दुआ आहे. ग्रंथ आणि हिकमत असे दोन शब्द का? इमाम शाफई (मृत्यू इ.स. 820) यांनी आपल्या ‘रिसाला’ या ग्रंथात येथील हिकमत म्हणजे प्रेषितांची सुन्नत असा अर्थ लावला. म्हणजे ग्रंथातले ज्ञान प्रत्यक्ष जगण्यात कसे उतरते, ते.

पुढे बगदादमध्ये या शब्दाला आणखी एक दालन उघडले. अब्बासी खलिफांच्या ग्रंथालयाला ‘बैतुल हिकमा’ म्हणत. खलिफा मामून यांच्या काळात (813–833) ग्रीक ग्रंथांच्या अरबी भाषांतरांना मोठा राजाश्रय मिळाला. त्या शतकातले थोर भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक (मृत्यू 873) हे ख्रिस्ती होते. जालिनूसचे वैद्यकग्रंथ त्यांच्यामुळे अरबी वाचकांपर्यंत पोहोचले. या काळापासून ग्रीक तत्त्वज्ञानालाही ‘हिकमत’ म्हणू लागले आणि तत्त्वज्ञ हा हकीम झाला. इब्न सीना यांच्यासारखे तत्त्वज्ञ वैद्यही असत, म्हणून वैद्यालाही हकीम म्हणण्याची रीत पडली. आपल्याकडे हकीम म्हणजे युनानी औषध देणारा, एवढीच ओळख शिल्लक आहे ती त्यामुळे.

शब्दाचे हे आकसणे इमाम गझाली (1058–1111) यांना फार खुपले. ‘इह्या उलूमिद्दीन’च्या पहिल्याच भागात त्यांनी अर्थ बदललेल्या पाच शब्दांची यादी दिली आहे : फिक्ह, इल्म, तौहीद, तजकीर आणि हिकमत. त्यांच्या मते फिक्ह म्हणजे मूळात आखिरतच्या वाटेची आणि स्वतःच्या मनातील खोटेपणाची जाण. तिचे रूपांतर तलाक आणि करारमदारांच्या बारकाव्यांत झाले. आणि हकीम ही पदवी वैद्य, कवी, ज्योतिषी, इतकेच काय, रस्त्याकडेला बसून भविष्य सांगणाऱ्यालाही मिळू लागली.

गझालींच्या नंतरही हे थांबले नाही. नसीरुद्दीन तूसी यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘अखलाक-ए-नासिरी’त ‘हिकमत-ए-अमली’ म्हणजे आचरणाचे शास्त्र आहे. स्वभाव घडवणे, घर चालवणे आणि राज्य चालवणे हे त्याचे तीन भाग. आजच्या उर्दू वर्तमानपत्रांत मात्र ‘हिकमत-ए-अमली’ म्हणजे निवडणुकीतले किंवा क्रिकेटच्या मैदानावरचे डावपेच. नीती गेली, डाव राहिला.

मग दरबारी फारसीच्या वाटेने मराठीत आलेली ‘हिकमत’ बिघडलेलीच म्हणायची का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. इब्न मंजूर (मृत्यू 1311) यांच्या ‘लिसानुल अरब’ या कोशात कारागिरीतले बारकावे उत्तम साधणाऱ्यालाही हकीम म्हणतात अशी नोंद आहे. म्हणजे आपल्या हिकमती माणसाचा अर्थ अरबीतही जुनाच आहे. हाताला आलेले शहाणपण हेही शहाणपणच. मराठीने जपले ते खरे आहे, फक्त अर्धे आहे. काम कसे साधावे हे तिने ठेवले, कोणते काम साधू नये हे मागे राहिले. घोडा आला, लगाम राहून गेला.

आज आपल्या समाजात शिक्षणाची भूक मोठी आहे आणि ते आनंदाचे आहे. मुली पदव्या घेत आहेत, मुले स्पर्धा परीक्षा देत आहेत, मोबाइलवर फतवे आणि तफसीर क्षणात मिळतात. इल्म हाताशी आहे. पण कोणती गोष्ट कोणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगावी, हे मोबाइल सांगत नाही. दीनकडे बोलावताना हिकमतीने आणि चांगल्या उपदेशाने बोलवावे, असा कुरआनचा आदेश आहे (16:125). या आदेशातली हिकमत जर ‘युक्ती’ म्हणून वाचली, तर धर्माचे बोलणे म्हणजे समोरच्याला गुंडाळण्याचा डाव ठरेल. ती लगाम म्हणून वाचली, तर पहिला आवर बोलणाऱ्याच्याच जिभेला बसेल. एका शब्दाचा अर्थ नीट ठेवण्याचे महत्त्व एवढे मोठे आहे.