क्रूस नसलेला तारा

ओझरात या विषयावर बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला : रावबहादुर म्हणजेच 'सर' का? नाही. रावबहादुर हा सरकारी किताब. 'सर' हा नाइटांच्या पंगतीतला मान. त्या पंगतीचे कूळ मध्ययुगीन युरोपात, ख्रिस्ती संतांच्या छायेत सापडते. तिसऱ्या एडवर्डने १३४८ च्या सुमारास स्थापन केलेल्या 'ऑर्डर ऑफ द गार्टर'चा पालक संत जॉर्ज.

१८५७ नंतर हिंदी संस्थानिकांनाही राणीशी अशा नात्याने बांधायचे होते. पण त्यांच्या छातीवर क्रूस कसा लावणार? म्हणून १८६१ मध्ये 'स्टार ऑफ इंडिया' काढताना संत आणि क्रूस दोन्ही वगळले. तारा आणि कमळे आली. यात मला उदारतेपेक्षा हिशेबच अधिक दिसतो. पहिल्याच वर्षी जयाजीराव शिंदे आणि खंडेराव गायकवाड त्यात घेतले गेले. सत्तावन्न साली दोघेही इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. मराठेशाहीत मानाबरोबर सरंजाम येई. इथे पदक आले.

१८७८ मध्ये 'इंडियन एम्पायर' ही दुसरी ऑर्डर निघाली. तिच्या खालच्या पायरीला, सी.आय.ई.ला, 'सर' लागत नसे. न्यायमूर्ती रानडे त्याच पायरीवर राहिले, रा. गो. भांडारकर १९११ मध्ये के.सी.आय.ई. होऊन 'सर' झाले. गोखल्यांनी १९०४ मध्ये सी.आय.ई. स्वीकारली, पण १९१४ मध्ये देऊ केलेली के.सी.आय.ई. नाकारली. टीकाकार त्यांना मवाळ म्हणत, हे इथे आठवावे. फेब्रुवारी १९१५ मध्ये ते गेले, ते 'नामदार गोखले' म्हणूनच.