इंटरनेट संथ झाल्यास दोष कोठे शोधावा?

घरच्या संगणकावर इंटरनेट रखडू लागले, की दोष सेवा देणाऱ्या कंपनीवर ढकलला जातो. प्रत्यक्षात बिघाड अनेकदा घरातच असतो. त्यामुळे तक्रारीपूर्वी त्याची खातरजमा करणे हितावह ठरते.

प्रथम राउटर बंद करून मिनिटभराने सुरू करावा. नंतर अन्य उपकरणे व संगणकावरील अपडेट थांबवून संगणक केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. ८ बिटचा १ बाइट होत असल्याने १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट वेगाने उतरते, हे ध्यानात घ्यावे.

केबलवर पुरेसा वेग मिळतो, पण वाय-फायवर मिळत नाही, असे आढळल्यास भिंती, अंतर किंवा शेजारच्या राउटरच्या लहरींचा अडथळा संभवतो. अशा वेळी २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झची वारंवारिता निवडावी. मात्र तिचा पल्ला कमी असतो.

दुसरा संगणक केबलने जोडूनही वेग कमीच राहिल्यास वेगवेगळ्या वेळच्या नोंदींसह कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही.