मेकॉलेचं ढकलपत्र

ढकलपत्रांचे प्रकार तसे ठरलेले. 'गुड टाइम्स' नावाचा मेल उघडू नका, कॉम्प्युटर बाद होईल, अशी भीती घालणारं पत्र १९९४ सालीच जगभर फिरून आलं होतं (तसा व्हायरस नव्हताच, पत्र हाच काय तो व्हायरस). मग नायजेरियातल्या कोणा दिवंगत अधिकाऱ्याचे डॉलर, न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी वगैरे. ही ओळखणं सोपं, कारण ती काहीतरी मागतात. पैसे, खात्याचा नंबर, गेला बाजार दहा जणांना पुढे पाठवायचे कष्ट. पंचाईत होते ती काहीच न मागता आपल्याला नुसतं छान वाटायला लावणाऱ्या पत्रांची. त्यात माझ्या मते पहिला नंबर मेकॉलेच्या भाषणाचा.

तुम्हालाही आलं असेलच. दोन हजारच्या दशकात ते मेलमधून फिरलं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, आणि अजून दमलेलं नाही. जुन्या वळणाच्या टायपात छापल्यासारखं एक पान, त्यावर तारीख २ फेब्रुवारी १८३५, आणि मजकूर ब्रिटिश पार्लमेंटमधल्या भाषणाचा. मेकॉले म्हणे सांगतोय की मी हिंदुस्थान उभा-आडवा फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही. या लोकांचा आध्यात्मिक आणि सांस्कृतिक कणा मोडल्याशिवाय हा देश आपल्याला जिंकता यायचा नाही, तेव्हा त्यांची शिक्षणपद्धती बदलून टाकू.

आता गंमत बघा. त्या तारखेला मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. तो जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला आणि १८३८ पर्यंत हिंदुस्थानातच होता. लीड्सची खासदारकी त्याने निघण्यापूर्वीच सोडली होती. त्याहून कहर म्हणजे त्या दिवशी पार्लमेंटही नव्हतं! आधीचं डिसेंबर १८३४ अखेर बरखास्त झालं होतं, आणि निवडणुकीनंतर नवं भरलं ते १९ फेब्रुवारीला. म्हणजे नसलेल्या माणसाने नसलेल्या सभागृहात केलेलं भाषण.

उभा-आडवा फिरला म्हणावं तर तोवर त्याने पाहिलं होतं काय? मद्रास, तिथून पालखीतून उटी (गव्हर्नर जनरल बेंटिंक तिथे मुक्कामाला होता), आणि मग कलकत्ता. चोर दिसला नाही म्हणे, आणि त्याच बेंटिंकच्या कारकीर्दीत स्लीमन ठगांच्या मागावर रानोमाळ हिंडत होता.

पण मला सगळ्यात खटकतं ते 'जिंकता यायचा नाही'. अहो, १८३५ साली जिंकायचं कितीसं उरलं होतं? पंजाब वगैरे सोडा, पण आपल्याकडे शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला तो नोव्हेंबर १८१७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पुण्यात शाळेत इतिहास शिकलेला माणूससुद्धा हे वाक्य वाचून पुढे ढकलतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तारीख मात्र अगदीच हवेतली नाही. चांगल्या थापेत एक खरा खिळा असतो, तो हा. २ फेब्रुवारी १८३५ हीच मेकॉलेच्या शिक्षणविषयक टिपणाची तारीख, पण ते लिहिलं गेलं कलकत्त्यात, बेंटिंकच्या सरकारसाठी. ७ मार्चला बेंटिंकने त्या धोरणावर शिक्कामोर्तबही केलं. आणि त्या टिपणात हिंदुस्थानची स्तुती औषधालाही नाही. आपल्याला संस्कृत येत नाही, अरबीही येत नाही, असं मेकॉले स्वतःच सांगतो, आणि तरी म्हणतो की युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातलं एक फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाला भारी आहे. रंगारक्ताने हिंदी पण आवडीनिवडीने इंग्रज असा वर्ग तयार करायचा, तेही त्यातच.

म्हणजे खरा कागद बनावटीपेक्षा जास्त झोंबणारा आहे. मेकॉलेवर रागवायचंच तर त्यात हवा तेवढा माल आहे. मग बनावट का लागली? मला वाटतं, नुसत्या रागाने भागत नाही. त्या रागाला प्रशस्तिपत्राची जोड लागते, आणि तीही साहेबाच्याच सहीची. आपण थोर होतो हे आपल्या आजोबांनी सांगून पटत नाही, मेकॉलेने सांगितलं की पटतं. (इथे मेकॉले जिंकला असं म्हणायला हरकत नाही.)

शिवाय खरा कागद जरा अडचणीचाही आहे. संस्कृत-अरबी शिकणाऱ्यांना सरकारला पैसे द्यावे लागतात, आणि इंग्रजी शिकणारे मात्र स्वतः पैसे मोजायला तयार आहेत, असा एक मुद्दा मेकॉले मांडतो. हे त्याच्या पदरचं म्हणून सोडून द्यावं, तर बाळशास्त्री जांभेकर आडवे येतात. त्यांचं 'दर्पण' मुंबईत ६ जानेवारी १८३२ ला निघालं, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापलेलं. मेकॉलेच्या टिपणाआधी तीन वर्षं. कलकत्त्यात तर हिंदू कॉलेज १८१७ पासूनच चालू होतं. कणा मोडून कोणीतरी इंग्रजी लादली, ही गोष्ट सुटसुटीत आहे. आपल्यातल्याच लोकांना ती हवी होती, का हवी होती, आणि त्यात काय गमावलं, ही गोष्ट ढकलपत्रात मावत नाही.

टिपण नेटवर आहे, तासाभरात वाचून होतं. नात्यातल्या एका काकांनी ते भाषण पाठवल्यावर मी त्यांना दुवा धाडला. त्यांचं उत्तर आलं, "वाचलं. हा तर फारच वाईट माणूस निघाला!"