माळरानावरील सस्तन प्राणी: ओळखावे कसे, पाहावे कसे?

वाघ, हत्ती किंवा गवा यांच्या तुलनेत आखूड गवताच्या उघड्या माळावर राहणारे सस्तन प्राणी सर्वसामान्यांना फारसे परिचित नाहीत. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी जशी तेथील गवे व हरणांसाठी ओळखली जाते, तशीच राजस्थानपासून दख्खनच्या पठारापर्यंत पसरलेली भारतीय माळराने काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड आणि तरस यांचे हक्काचे घर आहेत. या प्राण्यांची अचूक ओळख हा केवळ छंदाचा विषय नाही. चुकीच्या ओळखीमुळे एका प्राण्याचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो आणि ज्या माळावर 'काहीच नाही' असे समजले जाते, तो माळ सहज दुसऱ्या कामासाठी दिला जातो.

कोठे पाहता येतील?

जयपूरमधील राजा पार्क या गजबजलेल्या वसाहतीपासून काही किलोमीटरवर झालाना हे वनक्षेत्र आहे. बिबट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या वनात तरस आणि नीलगायही दिसतात. मात्र हे अरवलीच्या टेकड्यांवरील झुडपी जंगल आहे, माळरान नव्हे. खरे आखूड गवताचे मैदान पाहण्यासाठी जयपूरहून दोनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून चुरू जिल्ह्यातील ताल छापर अभयारण्य गाठावे लागते. अवघ्या ७.१९ चौरस किलोमीटरच्या या सपाट मैदानावर काळविटांचे मोठे कळप दिसतात.

महाराष्ट्रात पर्जन्यछायेच्या पट्ट्यात अशी माळराने आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी स्थापन झाले. त्याचे क्षेत्र केवळ २.१७ चौरस किलोमीटर आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी ओळखले जाते. ते १९९७ मध्ये घोषित झाले व सुमारे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. सोलापूरजवळचे नान्नज माळढोक पक्ष्यासाठी राखले गेले, परंतु तेथे काळवीट आणि लांडगेही आढळतात. पुणे जिल्ह्यात वन विभागाने कडबनवाडी आणि शिरसुफळ येथे माळरान सफारीही सुरू केली आहे.

काळवीट की चिंकारा?

माळावर दूरवर हरीण दिसल्यास प्रथम शिंगे पाहावीत. काळविटाच्या पूर्ण वाढलेल्या नराची शिंगे मळसूत्रासारखी पिळदार असतात. पाठ गडद तपकिरी ते काळी, पोट पांढरे आणि डोळ्याभोवती पांढरे कडे असते. मादी फिकट बदामी रंगाची असून तिला सहसा शिंगे नसतात.

चिंकारा आकाराने लहान व सडपातळ, वजनाने सुमारे २० ते २५ किलो असतो. नराची शिंगे वलयांकित असतात व त्यांना पीळ नसतो. महत्त्वाची खूण म्हणजे चिंकाराच्या मादीलाही बारीक, आखूड शिंगे असतात. त्यामुळे शिंगे असलेली सडपातळ मादी दिसल्यास ती चिंकारा समजावी. चेहऱ्यावरील डोळ्यापासून नाकाकडे जाणारा गडद पट्टा आणि सतत हलणारी काळसर शेपटी याही त्याच्या खुणा आहेत. काळवीट बहुधा कळपाने राहतात, तर चिंकारा एकेकटे किंवा दोन-चारच्या गटात दिसतात. घाबरलेले काळवीट चारही पायांवर उंच उड्या घेत पळते.

नीलगाय मात्र घोड्याएवढी मोठी असल्याने गोंधळ होत नाही. नर निळसर करडा व आखूड शिंगांचा, तर मादी तांबूस व बिनशिंगी असते. विदर्भात तिला रोही म्हणतात.

लांडगा, कोल्हा आणि खोकड

सर्वाधिक घोटाळा या तिघांत होतो आणि त्यास भाषाही काही अंशी कारणीभूत आहे. मराठीतील कोल्हा म्हणजे हिंदीतील सियार किंवा गीदड, तर हिंदीतील लोमडी म्हणजे मराठीतील खोकड. अनेक जण 'लोमडी'चे भाषांतर कोल्हा असे करतात, ते योग्य नाही.

लांडगा उंच, लांब पायांचा व अरुंद छातीचा असतो. वजन साधारण १७ ते २५ किलो भरते. चालताना शेपूट खाली लोंबते, कुत्र्याप्रमाणे वर वळलेली नसते. कोल्हा ८ ते ११ किलोचा, आखूड पायांचा असून तो गावाच्या कडेला, उकिरड्यापाशीही वावरतो. संध्याकाळी त्याची सामूहिक कोल्हेकुई ऐकू येते. खोकड सर्वात लहान, मांजरापेक्षा थोडे मोठे असते. मोठे कान आणि झुपकेदार शेपटीचे काळे टोक ही त्याची खूण. ताल छापरसारख्या कोरड्या भागात वाळवंटी खोकडही आढळते, त्याच्या शेपटीचे टोक पांढरे असते. केवळ या टोकावरून दोघांतील फरक सांगता येतो.

भारतीय लांडग्याचे महत्त्व अलीकडे अधिक स्पष्ट झाले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याची वंशशाखा जगातील हयात लांडग्यांत अतिशय प्राचीन आहे. मात्र पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि भटका कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून पुढे आले. फिकट पिवळसर किंवा ठिपकेदार अंगाचा 'लांडगा' दिसल्यास त्याचे दुरून स्पष्ट छायाचित्र काढून वन विभागास कळवणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

तरसाबद्दलचे गैरसमज

रात्री दिव्याच्या झोतात दिसलेले तरस अनेकदा बिबट्या किंवा लांडगा समजले जाते. प्रत्यक्षात पुढचे पाय उंच व मागचे ठेंगणे असल्याने त्याची पाठ उतरती दिसते. अंगावर उभे काळे पट्टे आणि मानेपासून पाठीवर आयाळ असते. त्याचा मुख्य आहार मेलेल्या जनावरांचे मांस आणि हाडे हा आहे. हाडांतील चुन्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. माळावर अशी विष्ठा आढळल्यास तरसाचा वावर ओळखता येतो.

पाऊलखुणांवरूनही बरेच कळते. लांडगा, कोल्हा, खोकड आणि तरस यांच्या ठशांत नखे उमटतात. बिबट्या किंवा रानमांजराच्या ठशांत सहसा ती उमटत नाहीत. मेंढ्या मारल्या गेल्यास धनगर आणि वनरक्षक यांनी प्रथम हीच तपासणी केली, तर विनाकारण संशय टळतो.

निरीक्षणाचे नियम

सूर्योदयानंतरचे व सूर्यास्तापूर्वीचे दोन तास सर्वात योग्य होत. हिवाळ्यात प्राणी दिवसाही वावरतात. माळावर आडोसा नसल्याने पायी माणसापेक्षा थांबलेले वाहन प्राण्यांना कमी घाबरवते. वाऱ्याची दिशा पाहून, प्राण्याकडून आपल्याकडे वारा येईल अशा बाजूस थांबावे. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी असते. प्राण्याने चरणे थांबवून मान उंचावली, की अंतर फार कमी झाले असे समजून मागे सरावे.

लांडग्याच्या किंवा खोकडाच्या बिळाजवळ जाऊ नये. माणसाचा वावर वाढला की मादी पिल्ले अन्यत्र हलवते आणि त्यात पिल्ले दगावू शकतात. रात्री प्रखर झोत टाकणे, खाद्य ठेवून प्राणी बोलावणे किंवा गवतावर वाहन घालणे टाळावे. काळवीट, चिंकारा आणि लांडगा यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. जखमी प्राणी आढळल्यास महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

नोंद का ठेवावी?

शासकीय दप्तरांत अनेक माळराने 'पडीक जमीन' म्हणून नोंदली गेली आहेत. त्यामुळे त्यांवर वृक्षलागवड, रस्ते किंवा औद्योगिक वसाहती उभारणे सोपे जाते. माळावर झाडे लावणे सत्कार्य वाटले, तरी उघड्यावर दूरवर पाहून शत्रूपासून बचाव करणाऱ्या काळविटासाठी ती हानिकारक ठरू शकतात. तारीख, वेळ, ठिकाण, प्राण्यांची संख्या आणि नर-मादी यांची साधी वही वर्षानुवर्षे ठेवली, तर ती जागा पडीक नसून वसलेली आहे, याचा तो पुरावा होतो. ग्रामस्थ, मेंढपाळ आणि शाळांतील विद्यार्थी हे काम कोणत्याही खर्चिक साधनाविना करू शकतात.